बिनरुळाची गाडी

समता कॉलनी, रायपूर
९ जानेवारी २०२२

प्रिय नरू,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज बंद करून ठेवलेस, म्हणून शेवटी पोस्टाच्या लाल डब्यापर्यंत चालत गेलो. हे पाकीट तू फोडणार नाहीस हेही शक्य आहे. पण कलावती फोडेल, आणि तुझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुझ्या कानावर जाईलच.

आढेवेढे न घेता सांगतो. तू बांधलेलं इंजिन मी काल गाडीतून काढलं.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. पोर्चच्या बीमला चेनपुली टांगली, माउंटिंगचे बोल्ट सोडवले आणि दोन तासांत ते वर उचललं. आपली पांढरी मारुती पुढून रिकामी झाली आणि नाक वर करून उभी राहिली. छत्तीसगड राज्य झालं त्या नोव्हेंबरात आपण ती जुनी घेतली होती. अख्खं रायपूर राजधानीच्या पाट्या रंगवत होतं, आणि तू बुढापाऱ्यातल्या गॅरेजात तीन महिने तिच्या इंजिनात डोकं घालून बसला होतास. ते सगळं मला आठवतं. आठवत नाही असं समजू नकोस.

तिच्यात मी विजेची मोटर बसवणार आहे. बॅटरीवर चालवणार. घरीच, माझ्या हातानं. काहून म्हणशील, तर वीज हा माझा विषय आहे. छत्तीस वर्षं लोको शेडमध्ये पंचवीस हजार व्होल्टवाली इंजिनं दुरुस्त केली, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आणि आता भाजी निवडत बसलोय. तुझी वहिनी विमला म्हणते, "मेथी निवडता का कचरा, समजूनच नाही राहिलं." म्हणून हे.

माझ्या पोरीच्या, राधिकाच्या लग्नातल्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. तू तापट, मी तापट, एका आईची लेकरं. तुला घाई होती, तू निघून गेलास, एवढंच मी सगळ्यांना सांगत आलोय. नऊ वर्षं झाली.

कळवावंसं वाटलं, कळवलं.

तुझा दादा,
नीलकंठ


३० जानेवारी २०२२

प्रिय नरू,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. वीज माझा विषय आहे हे खरं, पण इंजिन काढायचं कारण ते नव्हे. इंजिन थकलं होतं. धूर सोडत होतं, चढावर दमत होतं. दोन मेकॅनिक म्हणाले, खोलून बोअर करावं लागेल. तुझ्याशिवाय कुणाच्या हाती ते द्यायला मन होईना, आणि तुला सांगायला तोंड नव्हतं. म्हणून काढूनच टाकलं. अडाणीपणा म्हण, तुला अधिकार आहे.

भंगारवाला लहानू हातगाडी घेऊन आला होता. इंजिनाभोवती फिरला आणि म्हणाला, "भैया, इंजन त बने हे, काबर निकाल देव?" कशाला काढलं म्हणतोय. त्याला चहा पाजून परत पाठवला आणि इंजिन स्वतःच खोलायला बसलो.

नरू, मी थक्क झालो. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ.

तिन्ही कनेक्टिंग रॉड बाहेर काढले तेव्हा त्यांच्या कडेला कानशीनं घासलेले भाग दिसले. गुळगुळीत, चकचकीत केलेले, आणि प्रत्येकावर वेगळ्या जागी. मला काही उमजेना. मग रॉकेलनं धुतले, पिशवीत घातले आणि गोल बाजारात तुळशीराम सराफाकडे गेलो. त्यानं आधी मला वेड्यात काढलं, मग काट्यावर ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा. काट्यावरचा आकडा बदलला नाही, नरू. तिन्ही वेळा तोच. तुळशीरामनं चष्मा काढून पुसला, पुन्हा तोलले. म्हणाला, "साहेब, ज्यानं हे घासलं त्याले माझ्याकडे पाठवा, सोन्याचं काम देतो."

तू हे कुणालाच सांगितलं नव्हतंस. मलाही नाही. जिथं कुणाची नजर कधी पोचणार नव्हती तिथं तू तिन्ही सारखे करून ठेवलेस, आणि वीस वर्षं मी त्या गाडीत बसून नुसतं "बरी चालते" म्हणत राहिलो. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो मी.

आता हाताचं सांगतो. इंजिनाचा काळा रंग निघत नाही. रॉकेल झालं, साबण झाला, तेलात साखर चोळून झाली. रेघांमध्ये, नखांच्या मुळाशी बसलाय तो बसलाच. परवा विमलाचं हळदीकुंकू होतं. बायका जमल्या होत्या, मी कौतुकानं पाण्याचा ट्रे घेऊन गेलो. एका नव्या शेजारणीनं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, तहान नाही. वाण घेताना तीच विमलाकडे पाणी मागत होती.

तेव्हा मला राधिकाचं लग्न आठवलं. आठवलं काय, मी विसरलोच नव्हतो.

वऱ्हाडाची बस टाटीबंधला बंद पडली होती. नवऱ्याकडची माणसं रस्त्यावर उभी होती. तू नवे कपडे घातलेले असताना बसखाली शिरलास, ती चालू केलीस आणि तिच्यातूनच त्यांना मांडवात घेऊन आलास. व्याहीभेट सुरू झाली. काकानं काकाला भेटायचं, तू हार घ्यायला हात पुढं केलास. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अगोदर हात धुऊन ये." तू गेलास. परत येईपर्यंत मी आपल्या चुलतभावाला पुढं करून काकाची भेट उरकून घेतली होती.

तुला घाई नव्हती. घाई मला होती.

हे लिहायला मला नऊ वर्षं आणि एक इंजिन लागलं. माझं चुकलं, नरू.

दादा


२७ फेब्रुवारी २०२२

प्रिय नरू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. माझंच सांगतो.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून मोडीत निघालेल्या माल उचलायच्या गाडीची मोटर मिळाली. ओझं उचलायला जन्मलेली, कलिंगडाएवढी गोल आणि उचलली तर कंबर मोडेल अशी. गिअरबॉक्स जुनाच ठेवलाय. इंजिन जिथं गिअरबॉक्सला जुळत होतं तिथं एक जाड प्लेट आणि मधे एक कपलिंग घालून मोटर जोडली. पुढची चाकं जॅकवर उचलली. काल सकाळी नऊ वाजता नारळ फोडला आणि पेडल दाबलं.

चाक फिरलं.

तुला काय सांगू. छत्तीस वर्षं मी वीज पाहिली, पण ती नेहमी माझ्याहून मोठी होती. डोक्यावर तार, पायाखाली रूळ, मागं चार हजार टन कोळसा. तिला भ्यायचं आणि तिचे नियम पाळायचे. काल ती माझ्या घरच्या पोर्चमध्ये, माझ्या पायाच्या अंगठ्याखाली, तुळशीजवळ उभी होती. मी दाबलं की चाक फिरे, सोडलं की थांबे. धूर नाही, धडधड नाही. मी चारदा दाबून पाहिलं, पोरासारखं. अंगावर काटा आला होता आणि तो जाईना.

विमला हातात पोळ्यांची कणीक घेऊन बाहेर आली. "चालू केव्हा करता?"

"चालू आहे."

"आवाज कुठं आहे मग?"

"आवाज नसतोच."

ती चाकाकडे बघत राहिली. कणीक हातातच वाळली. मग हळूच म्हणाली, "देवासारखं फिरून राहिलं हो."

आता अडचण. वेग वाढवला की सगळी गाडी थरथरते. प्लेट नीट आहे, मोटर नीट आहे. कपलिंग केसभर वाकडं आहे. इथल्या दोन लेथवाल्यांकडून करून घेतलं, दोन्ही वेळा तेच. हे माझ्या हाताबाहेरचं काम आहे. विजेतलं मला कुणी शिकवू नये, पण लोखंडात केस कुठं लपतो ते तुलाच दिसतं. मापं काढून आकृती सोबत पाठवतोय. तुझं लेथ अजून चालू आहे असं कळलंय.

माझ्यासाठी करू नकोस. गाडीसाठी कर. तिनं तुझं काही बिघडवलं नाही.

दादा


१६ मार्च २०२२

प्रिय नरू,

तुझ्या राजनांदगावच्या बसच्या कंडक्टरनं गेल्या आठवड्यात एक पार्सल हातात ठेवलं. वर माझं नाव, आत चिठ्ठी नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कपलिंग, आणि त्याच्यावर पंचनं मारलेला एक बाण. ही बाजू गिअरबॉक्सकडे.

बसवलं तर असं सरकलं जसं तिथलंच होतं. ठोकायला हातोडी लागली नाही. पूर्ण वेगानं फिरवलं, बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही. तू गाडी डोळ्यांनी पाहिली नाहीस, नुसत्या माझ्या आकड्यांवरून हे केलंस. मी हात जोडले. हसू नकोस, खरंच जोडले.

गल्लीत दोन फेऱ्याही झाल्या. सध्या मात्र गाडी उभी आहे. थोडा अडथळा आलाय, विशेष काही नाही. विमला ठीक आहे.

दादा


१० एप्रिल २०२२

प्रिय नरू,

"विमला ठीक आहे" असं मी लिहिलं आणि तू ते बरोबर वाचलंस. दुसऱ्याच आठवड्यात कलावतीचा विमलाला फोन आला, "ताई, काय झालं? हे विचारून राहिले." तू विचारलंस हे ऐकून मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली. झालं ते सांगतो.

गाडी चार्जिंगला लावली होती. विमला अंगण धुऊन, अनवाणी, ओल्या फरशीवरून आली आणि गाडीवर वाळत टाकलेलं फडकं काढायला तिनं दाराला हात लावला. ओरडली नाही. नुसती मागं फेकली गेली. मी मेन स्विच पाडेपर्यंत ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. दवाखान्यात नेलं, दिवसभर ठेवली. काही झालं नाही, हाताची बोटं तेवढी आठवडाभर बधिर होती. पण झालं असतं, नरू. झालं असतं.

मी कुलूप लावलं गाडीला. पंधरा दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. छत्तीस वर्षांत माझ्या हातून शेडमध्ये एकाही माणसाला विजेचा झटका बसला नाही, त्याची मला केवढी घमेंड होती. आणि घरात माझ्या बायकोला.

चूक कुठं झाली ते मला दिसेना. तारा तपासल्या, जोड तपासले, कागदावर दहा वेळा काढलं. एके दिवशी विमलाच शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मले समजावून सांगा. वीज कुठून येते न् कुठं जाते?"

मी बोट ठेवून सांगू लागलो. बॅटरीतून निघाली, मोटरमध्ये गेली, तिथून गाडीच्या पत्र्यात उतरली. शेडमध्ये तसंच असतं. वरच्या तारेतून आली, काम केलं, सांगाड्यातून चाकात, चाकातून रुळात आणि गेली परत. हात आपोआप तसाच चालला होता. परतीची तार मी सरळ पत्र्याला बांधली होती. ती तिथंच बांधायची असते, त्यात विचार कसला करायचा?

विमलानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हिले रूळ कुठं आहेत?"

नरू, गाडीला रूळ नसतात. ती रबरावर उभी असते. घरच्या लाइटीतून चार्जरमध्ये आलेली वीज पत्र्यात येऊन वाट बघत थांबली होती, आणि जमिनीपर्यंत जायला तिला माझी बायको सापडली. शिकाऊ पोरालाही कळावं ते मला कळलं नाही, कारण मला फार कळत होतं.

आता दोन्ही तारा पत्र्यापासून वेगळ्या केल्यात. चार्जर बदलला, घरची वीज आणि गाडीची वीज वेगळी ठेवणारा ट्रान्सफॉर्मरवाला घेतला. पत्र्याला वेगळी अर्थिंगची तार दिली. शेडमधल्या जुन्या सोबत्याला बोलावून सगळं तपासून घेतलं. पहिल्यांदाच मी दुसऱ्याला म्हणालो, माझी चूक शोध.

दादा


२२ मे २०२२

प्रिय नरू,

आरटीओची तपासणी झाली, कागद मिळाला. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून विद्युत आलंय. तो कागद मी चष्मा लावून आणि चष्मा काढून, दोन्ही तऱ्हेनं वाचला.

आज पहाटे नवा रायपूरला गेलो. ते सहा पदरी रस्ते सकाळी साडेपाचला रिकामेच असतात. निघताना मी विमलाला म्हणालो, तू नको येऊ हवं तर. ती दाराजवळ गेली, हात पालथा करून आधी मागच्या बाजूनं पत्र्याला टेकवला, क्षणभर थांबली, आणि मग बसली.

मंत्रालयाच्या पुढच्या लांब रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य वर येत होता. मी पेडल दाबलं. झाडं मागं जायला लागली, वारा आला आणि आवाज काही आला नाही. नरू, मला टिटवी ऐकू आली. गाडीत बसून, पन्नासच्या वेगात. टायरखालचा खडा ऐकू आला. विमलाच्या बांगड्या ऐकू आल्या. एवढी वर्षं ती माझ्या शेजारी बसते, तिच्या बांगड्या वाजतात हे मला माहीतच नव्हतं.

"हे चालून राहिली का उभी आहे?" तिनं विचारलं.

"चालून राहिली. पन्नास."

तिनं खिडकीबाहेर बघत डोळ्यांना पदर लावला. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि मीही रडलो. चौसष्टाव्या वर्षी, भर सडकेवर, कारण जगात एवढं नवल उरलंय हे मला ठाऊक नव्हतं. आणि लगेच वाटलं, तू इथं हवा होतास. मागच्या सीटवर बसून तू काहीतरी खोट काढली असतीस. ती खोट मला हवी होती.

म्हणून आता कामाचं. भरलेल्या बॅटरीवर गाडी ऐंशी किलोमीटरच्या वर जाते, तीन वेळा मोजलं. तुझं घर बहात्तरवर आहे. म्हणजे मी तुझ्यापर्यंत पोचतो, परतू शकत नाही. तुझ्याकडे आठ तास चार्ज करावं लागेल. पंधरा अँपिअरचा पॉइंट लागेल आणि अर्थिंग धड हवी, ते आता तुला वेगळं सांगायला नको.

रविवारी, २९ तारखेला सकाळी निघतो. मी यायला नको असेल तर कलावतीकडून एक शब्द कळव. नाराज होणार नाही असं खोटं लिहीत नाही. होईन, पण येणार नाही.

दादा


राजनांदगाव, तुझी ओसरी
२९ मे २०२२, सकाळचे दहा

प्रिय नरू,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. कलावती वीस पावलं चालून मागच्या शेडमध्ये तुझ्या हातात देईल. तू लेथवर आहेस, मला ऐकू येतंय.

पोचलो. बॅटरीत नऊ किलोमीटर उरले होते. शेवटच्या वळणावर मी देवाला आणि तुझ्या कपलिंगला एकत्रच हात जोडले.

कलावतीनं पाणी दिलं, आणि न विचारता ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. भिंतीवर नवा कोरा पॉइंट. स्क्रूंचा रंगही अजून उडालेला नाही. त्याच्यातून हिरवी तार खाली गेलीय, अंगणात, ताज्या बुजवलेल्या खड्ड्यात. मातीतून कोळसा आणि मीठ वर दिसतंय. मी म्हटलं, हे केव्हा केलं? ती म्हणाली, "चार दिवस खणून राहिले होते उन्हात. मी विचारलं काहून, तर म्हणे घराले अर्थिंग नव्हती. तीस वर्षं नव्हती, आताच आठवली. आणि तुमची पत्रं, दादा, मला एक वाचू दिलं नाही. सगळी खिशात घेऊन फिरतात."

मी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. शेडमध्ये असताना इतकी खणखणीत अर्थिंग मी फार थोड्या ठिकाणी पाहिलीय. विमला पॉइंटजवळ स्टूल टाकून बसलीय आणि कुणालाही सांगतेय की हे माझ्या दिरानं केलंय.

प्लग लावलाय. संध्याकाळी सहापर्यंत मी कुठं जात नाही, जाऊही शकत नाही. तू बाहेर यावंस असं मी म्हणत नाही. मी इथं बसलोय एवढंच सांगतो. मांडवात जे तुझ्याकडून हिसकावलं ते परत देता येत नाही, ते मला कळतं. व्याही आता इथं नाही, मांडव नाही. पण भेट राहिली ती राहिलीच, आणि मी ती घ्यायला आलोय. काकाची नाही. भावाची.

आता लेथ थांबलं.

कलावती म्हणते, थांबा, पत्र देऊ नका, ते हात पुसत इकडेच येऊन राहिले.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ गाडीकडे गेलास. बॉनेट वर झालं. मी मान खाली घालून लिहितोय, कारण वर बघायचा धीर होत नाही. मोटरवर काहीतरी ठोकून बघितल्याचा आवाज येतोय. प्लेट चाचपतोयस. आणि आता बॉनेटच्या आतून, नऊ वर्षांनी, तुझा आवाज:

"हे नट कोन्या गधड्यानं आवळले?"

पत्र इथंच थांबवतो. याचं उत्तर तोंडानं देतो.